नवस सासूबाईंचा, पाय सुनेचे

मावशी,

सादर नमस्कार. मी आकोट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 27. मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आई-बाबा दोघांकडून आलेला. माहेरी, यवतमाळ जिल्ह्यात, आठवीत असताना शाळेत रक्त तपासलं तेव्हा कळलं. लग्नाच्या वेळी बाबांनी काही लपवलं नाही. सासरच्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि करून घेतली. पाच वर्षांचा मुलगा आहे, तो वाहक निघाला. यजमानांनी अजून तपासणी केलेली नाही. मुलाला आजार नाही म्हणजे मीही ठीकच असणार, असं ते म्हणतात.

वर्षातून चार-पाचदा मोठं दुखणं येतं. हातापायांची हाडं कोणी आतून ठेचावीत तसं. त्या रात्री सासूबाई माझ्याजवळून हलत नाहीत. तव्यावर मीठ गरम करतात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधतात आणि शेकत बसतात. तोंडाने गजानन महाराजांचं नाव चालू असतं. जाऊबाई मात्र चारचौघांत म्हणतात, "कापूस येचाची येळ आली का हिचं दुखनं उभं रायते."

गेल्या भाद्रपदात हरतालिकेचा निर्जळी उपास केला. दुसऱ्या दिवशी असं दुखलं की दवाखान्यात भरती करावं लागलं, रक्त चढवावं लागलं. तेव्हा व्हरांड्यात सासूबाई नवस बोलल्या, "माही सून उठून बसू दे माउली, पुढच्या ऋषिपंचमीले तिले पायी घेऊन येतो शेगावले." मी उठून बसले. आता सगळं गाव विचारतं, कधी निघता? आमच्याकडून दोन दिवसांची वाट आहे, मध्ये एक मुक्काम. मला अंगणातून गोठ्यापर्यंत जायचं तरी उजव्या जांघेत कळ येते, लंगडायला होतं, पण ते नेहमीचंच, म्हणून कोणाला सांगितलं नाही. नाही म्हटलं तर सासूबाईंचं मन मोडेल. नवस राहिला आणि मुलाला काही झालं तर, अशीही भीती वाटते.

मीसुद्धा रोज पोथी वाचते, तरी दुखणं येतंच. माझी श्रद्धा कमी पडते का? डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेल्या कॅप्सूल दोन महिने घेतल्या. फरक वाटला नाही, आणि त्या गरम पडतात असं शेजारणीने सांगितलं म्हणून बंद केल्या. गावात एक डॉक्टर येतो, त्याचं इंजेक्शन घेतलं की दोन दिवस बरं जातं.

तुमची,
एक सून

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा नवसात अडकले, दुसऱ्यांदा सासूबाईंच्या मिठाच्या पुरचुंडीत. तिसऱ्या वेळी "ते नेहमीचंच" या शब्दांवर बोट ठेवलं आणि ठरवलं, उत्तर इथूनच सुरू करायचं. मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, सगळी विदर्भातच. पेशंट जे घसा ताणून सांगतो ते बहुतेक वेळा आम्हाला त्याच्याकडे बघूनच कळलेलं असतं. दारात चप्पल घालता घालता जे पुटपुटतो, ते कामाचं निघतं.

तुझी जांघेतली कळ नेहमीची नाही. सिकलसेलचं मोठं दुखणं येतं, काही दिवस छळतं आणि जातं. पाय टेकला की जांघेत कळ, चालताना लंगडणं, आणि तेही आठवडेच्या आठवडे, हे प्रकरण निराळं असू शकतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसलेला असतो. त्याला रक्त नेणाऱ्या नळ्या मुळातच बारीक. सिकलसेलमध्ये त्या तुंबल्या की गोळ्याचं हाड आतून मरायला लागतं, आणि अशा हाडावर वजन पडत राहिलं की गोळा चेपत जातो. फारच चेपला तर सांधा बदलण्याची वेळ येते. मी दुरून निदान करत नाही, परिचारिकेने ते करूही नये. पण अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात जाऊन दाखव, या पंधरवड्यातच. एक्स-रे काढतील. सुरुवातीच्या काळात तो चांगलाही दिसतो, तेव्हा "नॉर्मल आहे" एवढं ऐकून परत फिरू नकोस. चालताना जांघ दुखतेच आहे, एमआरआय करावा लागेल का, असं विचार. मांडी घालून बसताना, उकिडवं बसताना काय होतं तेही सांग. सिकलसेल आहे हे पहिल्याच वाक्यात सांग, शेवटी नको.

तेव्हा तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: पायी जायचं नाही. दोन दिवसांची वाट तर नाहीच. वेशीपर्यंत सगळ्यांसोबत चालायचं आणि तिथून गाडीत बसायचं, असली तडजोडसुद्धा खुबा तपासून होईस्तोवर करू नकोस.

आता जाऊबाई. तुला राग येईल, पण त्या जे बघतात ते खरं आहे. कापूस वेचायच्या दिवसांत तुझं दुखणं उभं राहत असणारच. चुकतं ते कारण. लहानपणी मीही वेचणीला गेले आहे. उन्हं चढायच्या आत निघायचं, दवाने लुगड्याचा काठ ओला, पायांना गारठा. ओटी भरत गेली की कंबर वाकत जाते. आणि पाणी? वावरात आडोसा नसतो, गड्यांची ये-जा असते. लघवीला जावं लागू नये म्हणून बाई सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढते. गारठा, दमणूक आणि कोरडं पडलेलं अंग, सिकलसेलला चिथवायला आणखी काय पाहिजे?

आत काय होतं ते एकदा जाऊबाईंनाही सांगून बघ. साधी तांबडी पेशी वाटोळी आणि मऊ असते, अंग चोरून बारीक नळीतून निघून जाते. तुझी पेशी प्राणवायू कमी पडला की ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि नळीत अडकते. मग तिच्यामागे दुसरी, तिसरी. पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही, म्हणून ते ठेचल्यासारखं दुखतं. अंगातलं पाणी कमी झालं की हे सगळं लवकर होतं. त्यातून या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवणं नीट जमत नाही. बाकीच्या बाया तहानेल्या असल्या की त्यांची लघवी कमी होते, तुझं शरीर तेव्हाही पाणी सोडत राहतं. म्हणजे ज्या घोटभर पाण्यावर जाऊबाईंचा दिवस निभतो, त्यावर तुझा निभणार नाही. निरोगी पेशी 120 दिवस जगते, तुझी 10 ते 20 दिवसांत मोडते. अंगाचा फिकेपणा त्यातूनच येतो, डोळ्यांतली पिवळी झाकही त्यातूनच. (ती झाक बघून कोणी कावीळ उतरवायची माळ घालायला नेईल. जाऊ नकोस. काड्या वाळल्या की माळ आपोआप लांबते, गळ्यात घातली काय आणि खुंटीला टांगली काय.)

हरतालिका निर्जळी, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. तू हे लागोपाठ लिहून पुढे निघून गेलीस, मला काही पुढे जाता येईना. आणि यंदाचा बेत बघ. महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 ला समाधी घेतली, ती ऋषिपंचमीची तिथी. हरतालिका तिच्या दोनच दिवस आधी. दोन दिवसांची वाट म्हणजे निर्जळी उपासाच्या दुसऱ्याच पहाटे, कोरड्या अंगाने, भाद्रपदाच्या पावसात भिजत निघायचं. तुला आजारी पाडायचं कोणी ठरवून योजलं असतं तरी याहून चोख जमलं नसतं. तर यापुढे निर्जळी कुठलाच उपास नाही. फराळाचा करायचा असेल तर कर, पण डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर दिवसाला तीनेक लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. वावरात जाताना तुझी बाटली वेगळी ठेव. लघवीला जाताना सोबत कोणीतरी येईल, ते आधीच ठरवून ठेव. हरतालिकेला पाणी प्यायलीस म्हणून कोणी बोट दाखवलंच, तर त्यांना अकोलीच्या विहिरीची आठवण दे.

पोथी तुला माझ्याहून जास्त पाठ असेल. अकोली जहागीर तर तुमच्याच तालुक्यातली. भर उन्हात महाराज भास्कर पाटलाच्या शेतात येतात, पाणी मागतात. तो देत नाही, वर चार शब्द सुनावतो. मग महाराज कोरड्या विहिरीकडे वळतात आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लोक विहिरीला लागलेल्या पाण्याबद्दल बोलतात. मला त्याच्या आधीची ओळ जवळची वाटते. महाराजांना तहान लागली आणि त्यांनी मागितलं, परक्याच्या शेतात उभं राहून. तू आपल्या घरात हरतालिकेपुढे बसून पाणी मागायला काय हरकत आहे?

आता नवस. तो कोणत्या वेळेला बोलला गेला ते बघ. दवाखान्याचा व्हरांडा, आत रक्ताची पिशवी टांगलेली, सून निपचित पडलेली. घाबरलेलं माणूस अशा वेळी आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं तेच कबूल करतं. कोणी नथ कबूल करतं, कोणी चांदीच्या पादुका. सासूबाईंना त्या घडीला तू चालती-फिरती दिसावीस याहून मोठं काही सुचलं नाही, तेच त्यांनी महाराजांपुढे ठेवलं. नवसातल्या "पायी" या शब्दाचं मला एवढंच ऐकू येतं. गावाला त्यात कोस आणि मुक्काम ऐकू येतात, कारण गावाला मिरवणूक हवी असते.

आणि नवस बोलणाऱ्यानेच फेडायचा, हा आपल्याकडचा साधा हिशेब आहे. मुलाच्या दुखण्यासाठी बाप लोटांगण घालत जातो, मूल जात नाही. नवऱ्यासाठी बोललेलं बायको फेडते. बोललेलं जसंच्या तसं जमण्यासारखं नसेल तर कोणी पारायण करतं, कोणी अन्नदान. तेव्हा सासूबाईंची तब्येत झेपणारी असेल तर त्यांनी पायी जावं आणि यजमानांनी त्यांच्यासोबत. त्यांना बायकोच्या दुखण्यात दुसरं काही करता येत नसेल, तर आईसोबत चालता तर येईल. तू मुलाला घेऊन येष्टीने जा. ऋषिपंचमीच्याच दिवशी पोचायचा हट्टही नको. त्या दिवशी शेगावात पाय ठेवायला जागा नसते आणि रांगेत तासन् तास उभं राहणं हेही खुब्यासाठी वाईटच. दोन-चार दिवस मागे-पुढे एखाद्या साध्या वारी जा.

मुलाला काही होईल ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आईच्या मनात ती येतेच. पण गाडगेबाबांचं शेंडगाव तुमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. नवसाला कोंबडी-बकरी कापणाऱ्यांवर तो माणूस आयुष्यभर कीर्तनातून कोरडे ओढत राहिला. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, मुंबईत कॅन्सरच्या उपचाराला गेलेली आपल्याकडची किती माणसं तिथे उतरतात. नवस चुकला म्हणून देव लेकरावर सूड उगवतो, असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं असतं तर खराट्याने मारलं असतं त्यांनी.

श्रद्धा कमी पडते का, हे तू सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू विचारलंस. तुकडोजी महाराजांना कर्करोग झाला होता. 11 ऑक्टोबर 1968 ला त्यांनी मोझरीला देह ठेवला. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग स्वतःला तेच कशाला म्हणतेस?

माझी एक गोष्ट सांगते. तिचा अभिमान वाटावा अशी ती नाही. नोकरीला चारेक वर्षं झाली होती. वॉर्डात तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा नेहमी भरती व्हायचा, तुझाच आजार. शेजारच्या खाटेवरच्या मुलासोबत चिंचोके खेळायचा आणि मध्येच गुडघे पोटाशी घेऊन ओरडायचा, इंजेक्शन मागायचा. मला वाटलं, खेळताना बरं दुखत नाही याला, मी दिसले की दुखतं. एका रात्री त्याला म्हटलं, "पुरे झालं नाटक. इंजेक्शनची चटक लागलीय तुला." तो गप्प झाला. पुन्हा त्याने काही मागितलं नाही, आणि मला वाटलं आपण बरोबर ओळखलं. पहाटे त्याच्या आईने माझं मनगट धरलं आणि खाटेपाशी नेलं. उशीचा कोपरा त्याने दातांनी फाडला होता. ओल्या कापसाचा बोळा त्याच्या गालाला चिकटलेला होता.

त्या बाईने मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. दुखत असताना माणूस खेळतोही, हसतोही, स्वयंपाकही करतो, कारण तेवढ्याने दोन मिनिटं सरतात, हे मी त्या पोराकडून शिकले. तुझ्या जाऊबाई अजून तिथे पोचलेल्या नाहीत. मी परिचारिका असून पोचले नव्हते, तेव्हा त्यांना थोडी सवलत दे.

श्रद्धेचा उपयोग मी याच वॉर्डांत बघितला आहे, म्हणून तो नाही असं कधी म्हणणार नाही. रात्री दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. डॉक्टर झोपलेला, गल्ली झोपलेली, दुखणं तेवढं जागं. त्या वेळी एका लयीत कोणी नाव घेत असेल तर पेशंटचा श्वास हळूहळू त्या लयीला लागतो, आवळलेल्या मुठी सुटतात. सासूबाई तुझ्यासाठी हेच करतात. त्यांचं मिठाचं शेकणंही बरोबर आहे. शेकच हवा, बर्फ कधीही लावायचा नाही, थंडीने नळ्या आणखी आवळतात. मीठ फार तापलेलं नाही ना, ते आधी स्वतःच्या मनगटावर बघायला सांग.

पण तुम्ही दोघी मिळून दुखणं अंगावर काढता, तिथे माझं भांडण आहे. दुखणं सुरू व्हायची चाहूल तुला कळते. तेव्हाच पॅरासिटामॉल घे, भरपूर पाणी पी, पांघरूण घे, आणि मग नाव घ्या. मध्यरात्र होईस्तोवर वाट बघून तुला काही पुण्य लागणार नाही. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या मेडिकलमधून आणून मनाने खात असशील तर थांब, तुझ्या मूत्रपिंडाला त्या जड जातात. घरच्या औषधाने आवरत नसेल तर दवाखाना. तिथे मॉर्फिनच्या जातीची जोरकस औषधं असतात, ती याच दुखण्यांसाठी आहेत. मागायला लाजू नकोस, आणि माझ्यासारखी एखादी भेटलीच तर तिला हे पत्र दाखव.

काही गोष्टी मात्र तव्यावर मीठ टाकण्याआधीच ओळखायच्या आणि 108 ला फोन लावायचा. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, अचानक दिसेनासं झालं, अंग एकदम पांढरंफटक पडलं. हे तू पाठ करून फारसा उपयोग नाही, त्या वेळी तू शुद्धीत असशीलच असं नाही. सासूबाईंना पाठ करून दे. इतक्या ओव्या तोंडपाठ असलेल्या बाईला पाच ओळी जड नाहीत.

गावात येणाऱ्या त्या डॉक्टरचं इंजेक्शन बंद. दोन दिवस जादू करणाऱ्या असल्या इंजेक्शनांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सिकलसेलमध्ये त्याचा जोर उतरला की दुखणं उलटून येऊ शकतं. शिवाय खुब्याचा गोळा मरण्यामागे स्टेरॉइड हे एक माहीत असलेलं कारण आहे. आतापर्यंत अशी किती इंजेक्शनं घेतलीस ते अकोल्याला सांगायचं, लपवायचं नाही.

बंद केलेल्या कॅप्सूल हायड्रॉक्सीयुरियाच्या असणार. दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणतेस. पऱ्हाटी पेरून महिन्याभरात बोंडं शोधायला जातं का कोणी? या औषधाने पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं त्या जातीचं हिमोग्लोबिन वाढतं, ते असलं की पेशी सहजासहजी वाकत नाही. पण ते वाढायला तीन ते सहा महिने लागतात. गरम पडण्याची गोष्ट सोड. त्यांचा खरा धोका असा की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरल्या वेळी रक्त तपासत राहावं लागतं. तेव्हा आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नकोस, डॉक्टरांना विचारून कर. दुसरं मूल हवं असेल तर तेही त्यांना आधी सांग. ही कॅप्सूल चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

यजमानांचा हिशेब चुकतो आहे. एस म्हणजे आजाराचा वारसा, ए म्हणजे निरोगी. तू एसएस, म्हणजे मुलाला तुझ्याकडून एस जाणारच. त्याला बापाकडून ए आला म्हणून तो एएस, म्हणजे वाहक झाला. बाप पूर्ण निरोगी असला तरी मुलगा असाच निघाला असता, आणि बाप स्वतः वाहक असला तरी असा निघू शकतो. बाप वाहक आहे की नाही, ते मुलाच्या रिपोर्टवरून ठरत नाही. ते वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक बाळाला तुझा आजार होण्याची शक्यता निम्मी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. 1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेलचं अभियानच चालू आहे. सुई टोचायला एक मिनिट लागतं. आईसोबत दोन दिवस चालायला तयार होणारा माणूस याला नाही म्हणणार नाही.

सरकारी कामाचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आलेलं आहे, जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्राचं बघ. सिकलसेलच्या रुग्णांना येष्टीत प्रवास सवलत आहे, आगारात चौकशी करून कागद करून घे. शेगावची फेरी त्यातच होईल.

राहिलं सासूबाईंना सांगायचं. घरात, जाऊबाईंसमोर, सांगू नकोस. त्यांना अकोल्याला सोबत ने. "आई, मले एकटीले भेव लागते," एवढं म्हण, त्या येतील. डॉक्टर एक्स-रे खिडकीकडे धरतील तेव्हा त्यांनाही बघू दे. चालायचं नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, म्हणजे नाही म्हणणारी तू ठरणार नाहीस. परत येताना येष्टीत, खिडकीजवळ बसल्यावर, बोल: "नवस तुम्ही माह्यासाठी बोलल्या, आपन दोघी फेडू. तुम्ही पायी या, मी तुमच्या आधी पोचून वाट पाहीन." त्या रडतील. रडू दे. कदाचित रागावतीलही, की जांघ दुखते हे मला आधी काहून नाही सांगितलं. तो राग खाऊन घे, तो त्यांचा हक्क आहे.

शेगावला तू आधी पोचशील. त्या संध्याकाळपर्यंत येतील, पाय सुजलेले, एखाद्या टाचेला फोड. जिथे मुक्काम असेल तिथे एक बादली कोमट पाणी मिळवून ठेव आणि घरून निघताना मीठ बांधून घे. त्या नको नको म्हणतील, पाय मागे घेतील. तू पाटावर बस, खाली उकिडवी बसू नकोस, आणि त्यांचे पाय ओढून बादलीत घाल.

खुब्याचं काय निघालं ते कळव.

तुझी,
मावशी